गजर वाजतो तेव्हा मी जागाच असतो

आजचा एपिसोड मी सकाळी सव्वासातला रेकॉर्ड करतोय. धुळ्यात, देवपूरच्या आमच्या घरी, वरच्या खोलीत. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर ती आईची आहे, काढून टाकणार नाही. एरवी आपण रात्री जेवण झाल्यावर बसतो, पण आजचा विषयच सकाळचा आहे.

झालं काय, जळगावचा एक कॉलेजचा मित्र परवा फोनवर म्हणाला, "भो, तू रोज इतक्या लवकर उठतो कसा? मला तर नऊच्या लॉगिनला जीव जातो." मला हसू आलं. कारण दोन वर्षांपूर्वी सकाळी साडेनऊच्या कॉलला न आल्यामुळे माझी नोकरी जाता जाता राहिली होती. आणि ती आळसामुळे जात नव्हती. मला डिप्रेशन होतं. हे मी त्याला फोनवर सांगितलं नाही, विषय बदलला. नंतर वाटलं, हे बरोबर नाही. म्हणून आज सांगतोय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी इंजिनिअर आहे, बीटेक, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहितो. मी डॉक्टर नाही. जे माझ्यासोबत झालं ते सांगतो, आणि नंतर जे वाचलं, विचारलं, त्यातलं थोडं सांगतो.

तर २०२४ चा फेब्रुवारी. आमची टीम पूर्ण रिमोट होती, त्यामुळे पुण्याची रूम सोडून मी धुळ्याला घरी आलो होतो. पगार चालू, आईच्या हातचं जेवण, भाडं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, पोराची मजा आहे. आणि मी रोज पहाटे चारला जागा व्हायचो.

नीट ऐका, चारला जागा. गजर मी साडेसहा, पावणेसात, सात असे आठ लावायचो, पण एकाही गजरानं मला उठवलं नाही, कारण मी आधीच जागा असायचो. छताचा पंखा बघत पडलेलो. डोक्यात एकच फिरायचं, आज परत अख्खा दिवस आहे. पाय पलंगावरून खाली ठेवायचे, एवढंच काम. ते व्हायचं नाही. साडेआठ, नऊ, नऊ वीस. मग पडल्या पडल्या लॅपटॉप पोटावर, कॅमेरा बंद, "गुड मॉर्निंग एव्हरीवन". पुढे तेही जमेना.

मोबाईलवर ती पाच वाजता उठणाऱ्यांची रील्स येतात ना, थंड पाण्यानं आंघोळ, डायरी, बदाम? मी चारला उठत होतो. त्या हिशोबानं मी आतापर्यंत करोडपती व्हायला पाहिजे होतो.

आता यातली गंमत, म्हणजे गंमत नाही, पण घरच्यांना हे दिसायचं कसं? पोरगा नऊपर्यंत लोळतो. आई खालून हाक मारायची, "ऊठ ना भो, ऊन डोकावर उनं." आणि आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं नोकरी केली. पहाटे साडेतीनला उठून ड्युटीला गेलेला माणूस. थंडी असो, ताप असो, गाडी वेळेवर फलाटाला लागली पाहिजे. त्या माणसाच्या पोराला घरातल्या घरात, पलंगापासून टेबलापर्यंत चार पावलं जाता येत नव्हतं. आप्पा काही बोलायचे नाहीत. जिन्यात त्यांची पावलं वाजली की मी डोळे मिटून घ्यायचो. ते न बोलणं मला आईच्या हाकांपेक्षा जास्त लागायचं.

ऑफिसात मी खोटं बोलायला लागलो. नेट गेलं. लाईट गेली. आजीला दवाखान्यात नेलं. आजीला मी दोनदा ॲडमिट केलं, मंडळी. आजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. दुसऱ्यांदा तो मेसेज पाठवला आणि फोन उशीखाली सरकवून रडलो. त्या दिवशी तरी कळायला हवं होतं की हे साधं प्रकरण नाही. नाही कळलं. एप्रिलमध्ये एचआरचा मेल आला, साठ दिवसांत सुधारणा दाखवा, नाहीतर पुढचा निर्णय घेऊ. आयटीतल्यांना माहीत आहे त्या मेलचा अर्थ काय असतो.

मग आखाजी आली. खान्देशाबाहेरच्या श्रोत्यांना सांगतो, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. दिवाळीइतकाच मोठा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांसाठी घागर भरतात, आमरस आणि पुरणपोळी. त्या वर्षी १० मे ला होती. ताई जळगावहून आली. तिचं सासर जळगावला. दुपारी सगळे खाली जेवायला बसले, मी वर. ती ताट घेऊन वर आली. ४३-४४ डिग्रीचं ऊन, खोली तापलेली, खिडक्या बंद, आणि मी चादर घेऊन पडलेलो. तिनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुले काय व्हयनं रे?"

ती सासरी गेल्यापासून माझ्याशी मराठीत बोलते. लहानपणी मी पडलो, लागलं, की अहिराणीत विचारायची. मी म्हणालो, "ताई, मला उठताच येत नाही." बस, एवढंच. सगळं नाही सांगितलं. पण ती आमरस निवेपर्यंत बसून राहिली. म्हणजे आमरस निवत नाही, तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय.

डॉक्टर तिनंच शोधले, जळगावला. धुळ्यात का नाही? कारण धुळ्यात मला कुणीतरी बघितलं असतं. देवपूरमधून निघून पाच कंदिलापर्यंत जाईस्तोवर दहा ओळखीचे भेटतात. म्हणून नव्वदेक किलोमीटर लांब जायचं ठरलं. घरी सांगायचं, ताईकडे चाललो. पहिल्या दोन अपॉइंटमेंट मी हुकवल्या. का, तर सकाळी उठलो नाही. उठता येत नाही हे दाखवायला जायचं, आणि त्यासाठी आधी उठायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम बूटच होत नाही, आणि सगळे सांगतायत, सेटिंगमध्ये जाऊन रीस्टार्ट कर.

तिसऱ्या वेळेला ताईनं अपॉइंटमेंट दुपारी तीनची घेतली. साधी गोष्ट, पण त्यानं काम झालं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर हे लक्षात ठेवा, दुपारची वेळ घ्या.

दुपारच्या बसनं निघालो. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव. कंडक्टरनं तिकीट देताना चेहरा बघितला. "तू आप्पांचा पोरगा ना? कुठं रे?" म्हटलं, ताईकडे. संध्याकाळी परतीच्या गाडीला नेमके तेच ड्रायव्हर-कंडक्टर. माझ्या हातात फाईल, फाईलवर मोठ्या अक्षरात डॉक्टरांचं नाव आणि खाली मनोविकारतज्ज्ञ. नव्वद किलोमीटर लांब गेलो लपायला, आणि गेलो कशानं? एसटीनं. ड्रायव्हरचा पोरगा. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

आप्पांचं पुढे सांगतो. आधी डॉक्टर काय म्हणाले ते.

त्यांनी एक कागद दिला, नऊ प्रश्नांचा. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, थकवा किती, भूक, लक्ष लागतं का, आपण वाया गेलो असं वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. मला १७ मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा कमी मार्क हवे होते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. मी तिथं खरं उत्तर दिलं. शून्य नव्हतं. डॉक्टर त्यावर शांतपणे अजून चार प्रश्न विचारून पुढे गेले, दचकले नाहीत, आणि मला फार हलकं वाटलं. रक्ताच्या तपासण्या केल्या, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२. थायरॉईड बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून ते आधी बघतात. माझं ठीक होतं.

मग मी विचारलं, सकाळीच का? रात्री अकराला मी बऱ्यापैकी माणसात असतो. तेव्हा ठरवतो, उद्या सहाला उठणार. आणि सकाळी तो रात्रीचा माणूस मेलेला असतो.

ते म्हणाले, हे तुझ्या स्वभावात नाही, आजारात आहे. डिप्रेशनचा एक प्रकार असतो, त्यात नेहमीच्या वेळेच्या दोन-दोन तास आधी जाग येते आणि सकाळ सगळ्यात जड जाते, दिवस चढेल तसं थोडं हलकं होतं. निदानाच्या पुस्तकात लक्षण म्हणूनच लिहिलेलं आहे. मी नंतर वाचलं त्याप्रमाणे, कॉर्टिसोल नावाचं हार्मोन पहाटेपासून वाढत जातं आणि जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात अजून उसळी घेतं. सगळ्यांच्याच शरीरात. शरीर दिवसासाठी तयार होतं ते तसं. डिप्रेशन असलेल्या बऱ्याच जणांमध्ये हा ताल बिघडलेला सापडतो. सगळ्यांमध्ये नाही, आणि फक्त हेच कारण आहे असंही कुणी म्हणत नाही. पण मला तेवढं पुरलं. चार महिने मी स्वतःला आळशी, कामचोर, आप्पांच्या नावाला बट्टा, असं काय काय म्हणत होतो.

गोळी सुरू झाली. पहिला आठवडा मळमळ. दुसऱ्या आठवड्यात मी ताईला म्हणालो, काही उपयोग नाही, बंद करतो. ती म्हणाली, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, नीट दिसायला सहासुद्धा. बरं वाटायला लागलं तरी मनानं सोडायची नाही, काही महिने चालू ठेवून मग हळूहळू कमी करायची, तेही त्यांच्या देखरेखीत. मला साधारण पाचव्या आठवड्यात फरक कळला. कळला कसा, तर पहाटे चारऐवजी साडेपाचला जाग आली. आनंद वगैरे काही झाला नाही. फक्त दीड तास कमी पंखा बघितला.

आता आप्पा. बातमी कळल्यावर दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला जिन्यात पावलं वाजली. मी डोळे मिटले. खुर्ची ओढल्याचा आवाज. मग चहाचा वास. डोळे किलकिले करून बघितलं, आप्पा खुर्चीत पेपर वाचतायत, स्टुलावर दोन कप. ऊठ म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुझा इथं ठेवलाय."

चहा गार होईल म्हणून मी बसता झालो. एवढंच केलं त्या दिवशी.

असं आठ-दहा दिवस चाललं. एक दिवस मीच म्हणालो, "आप्पा, तुम्ही तीस वर्षं साडेतीनला उठले. मला लाज वाटते." ते अहिराणीत बोलले, मी मराठीत सांगतो. म्हणाले, तुला काय वाटतं, मी एकटा उठायचो? मुक्कामी गाडी असली की कंडक्टर मला उठवायचा. त्याला लागलेली असली झोप तर मी त्याला. दोघंही मेल्यासारखे झोपलो तर गावातलं कुणीतरी म्हातारं येऊन गाडीचं दार वाजवायचं, हातात चहाची किटली. पहिली गाडी चुकली तर पोरांची शाळा बुडायची, त्यांनाच काळजी. आणि घरी असलो की तुझी आई तीनला उठून बसायची. मी कधी घड्याळाच्या भरवशावर झोपलोच नाही.

मी तीस वर्षं, म्हणजे माझी सत्तावीस वर्षं, समजत होतो की आप्पा जिद्दीवर उठतात.

डॉक्टरांनी नंतर जे करायला लावलं ते याच्याच जवळचं निघालं. त्यांचं म्हणणं, तू वाट बघतोयस की आधी बरं वाटेल, मग उठेन. या आजारात ते उलटं चालतं. आधी अंग हलतं, मग मागून वाटणं येतं, आणि तेही कधी कधीच. म्हणून "सकाळी उठणे" असं ध्येय ठेवायचं नाही. आपण एवढं मोठं तिकीट एका स्प्रिंटमध्ये घेतो का? तोडतो ना. मग बसता होणे, हे एक. पाय फरशीला, हे दुसरं. खाली ओट्यापर्यंत. आप्पांसोबत दुधाच्या डेअरीपर्यंत. महिन्यानं आम्ही पांझरेच्या पुलापर्यंत जायला लागलो. वहीत रोज लिहायचं, काय केलं आणि केल्यावर दहापैकी किती बरं वाटलं. बरेच दिवस दोनच मार्क आहेत. ती वही अजून आहे.

या पद्धतीचा आपल्याजवळचा एक मोठा प्रयोग आहे, तो वाचून मला बरं वाटलं. गोव्यात संगथ नावाची संस्था आहे. त्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डिप्रेशन जास्त असलेल्या जवळपास ५०० लोकांवर ही पद्धत तपासली. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. तिथलीच साधी माणसं, प्रशिक्षण देऊन तयार केलेली. सहा ते आठ भेटी, त्यात भर हाच, की छोटी छोटी कामं परत सुरू करायची. तीन महिन्यांनी, ज्यांना नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यातले ३९ टक्के आजारातून बाहेर आले होते. ज्यांना त्यासोबत हे समुपदेशन मिळालं त्यांच्यातले ६४ टक्के. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलंय. आकडा नीट बघा, शंभरातले छत्तीस तेव्हाही बरे झाले नव्हते. म्हणून मी हे जादू म्हणून विकत नाहीये. मला गोळी आणि हे, दोन्ही लागलं.

आणि उपचारापर्यंत पोचतात किती? निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मोठी पाहणी केली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. ते सगळे सकाळी कसे उठत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

नोकरीचं काय झालं, ते राहिलं. जूनमध्ये मी माझ्या टीम लीडला खरं सांगितलं. ती चेन्नईची, कधी प्रत्यक्ष भेटलो नव्हतो. सांगायच्या आधी अर्धा तास मेसेज टाईप करून खोडत होतो. शेवटी फोनच केला. आजीचंही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, आजीचं मला कळलं होतं, दोन वेळा एकच पाय मोडला होता. माझा साडेनऊचा कॉल तिनं दीड महिना अकराला केला. एचआरला सर्टिफिकेट द्यावं लागलं, ते मात्र जड गेलं. तिथले चेहरे फार काही समजूतदार नव्हते. साठ दिवसांची मुदत एकदा वाढवून मिळाली, त्यात मी वाचलो. सगळ्यांना अशी लीड मिळत नाही, मला माहीत आहे. सांगायचं की नाही, कुणाला सांगायचं, हे तुमचं तुम्ही बघा, मी सल्ला देणार नाही. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असंही लिहिलंय. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत काय आहे ते एकदा काढून वाचा.

आता कसा आहे? बरा आहे. गोळी गेल्या वर्षी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. पण या डिसेंबरात परत आठ-नऊ दिवस असे आले. पहाटे चार, पंखा. घाबरलो. या वेळी चौथ्या दिवशीच ताईला फोन केला आणि जळगावची वेळ घेतली, दुपारची. बसनंच गेलो. तेच कंडक्टर होते की नाही, बघितलंही नाही.

आप्पांचे गुडघे आता दुखतात, जिना चढत नाहीत. सकाळी खालूनच स्टीलच्या कपावर चमचा वाजवतात. तुम्हाला मघाशी मागे टणटण ऐकू आलं असेल, ते तेच. म्हणजे चहा झालाय आणि मला जायला पाहिजे.

जायच्या आधी नंबर. टेली-मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. त्या नवव्या प्रश्नाचं तुमचं उत्तर शून्य नसेल तर आज रात्रीची वाट बघू नका, आत्ताच लावा, आणि घरातल्या एखाद्याला जवळ बसवून ठेवा. धुळ्यात आणि जळगावात दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं मनोविकार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. आणि धुळ्यातल्या धुळ्यातच गेलात तरी चालेल. बातमी तशीही घरी पोचतेच.

आलो आप्पा!

चला, पुढच्या रविवारी भेटू.